दुपारी साडेतीनची शेव उसळ आणि जमैकाच्या मुली

दांडिया बाजारात एका जुन्या वाड्याच्या तळमजल्यावर दहा टेबलांचे मराठी उपाहारगृह आहे. तिथली शेव उसळ आणि साबुदाणा वडा बडोद्यातल्या खवय्यांना माहीत आहेतच, त्यामुळे हे परीक्षण खाण्याविषयी थोडे आणि तिथे महिनाभर मिळालेल्या एका निराळ्या सेवेविषयी अधिक आहे. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये २० जुलै ते २० ऑगस्ट २०२३ या काळात झालेल्या महिलांच्या फुटबॉल विश्वचषकातील निवडक सामने या उपाहारगृहाने मोठ्या पडद्यावर दाखवले आणि त्यासाठी कोणाकडून वेगळा पैसा घेतला नाही. नाव छापू नये अशी मालकीणबाईंची विनंती आहे, कारण आहे तीच गर्दी त्यांना आवरत नाही. त्या भागात राहणाऱ्यांना नावाची गरजही पडणार नाही.

मी ३१ वर्षे शाळेत व्यायामशिक्षिका होते. निवृत्तीनंतर दर रविवारी सकाळी पोलो मैदानावर १४ मुलींना फुटबॉल शिकवते. त्यांपैकी बहुतेकींच्या घरी क्रिकेट लागते, मालिका लागतात, पण मुलींचा फुटबॉल सामना पहिल्या मिनिटापासून शेवटच्या मिनिटापर्यंत त्यांनी कधी पाहिलेला नव्हता. मालकीणबाई माझ्या जुन्या विद्यार्थिनी. जुलैच्या सुरुवातीला मी त्यांच्याकडे शब्द टाकला, तेव्हा त्या म्हणाल्या, "बाई, दुपारी तीन ते सहा आमच्या मंडळींची विश्रांती असते. रोज नाही जमणार. तुम्ही एक संघ निवडा, त्याचे सगळे सामने दाखवते, मग तो हरो की जिंको." ही अट मला फार आवडली. मुलींना मार्ता या विख्यात खेळाडूचा ब्राझील हवा होता. मी जमैका निवडला. दोन्ही संघ एकाच गटात असल्याने मुलींचाही फारसा विरोध झाला नाही.

जमैकाच का, हे इथे सांगायला हवे, कारण या सेवेचे मोल त्यावरच ठरते. जमैकाची लोकसंख्या साधारण २८ लाख आहे. २०११ च्या जनगणनेत आपल्या शहराचीच वस्ती १७ लाखांच्या आसपास होती. एवढ्याशा बेटाने जगाला वेगवान धावपटू दिले, वेगवान गोलंदाज दिले, १९९८ मध्ये पुरुषांचा संघ फुटबॉलच्या विश्वचषकापर्यंत पोहोचवला. मुलींच्या फुटबॉलला मात्र तिथे कोणी वाली नव्हता. २०१० च्या सुमारास तिथल्या महासंघाने महिला संघाचा पैसा थांबवला आणि सामनेच होईनात, तेव्हा जागतिक फुटबॉल संघटनेच्या, म्हणजे फिफाच्या, क्रमवारीतून संघाचे नावही गेले. २०१४ मध्ये एका शाळकरी मुलाने घरी एक पत्रक आणले, ज्यात देशाच्या महिला फुटबॉल संघासाठी मदत मागितली होती. त्या मुलाची आई म्हणजे गायक बॉब मार्ली यांच्या कन्या सेडेला मार्ली. देशाच्या राष्ट्रीय संघासाठी शाळेतून वर्गणी गोळा करावी लागते, हे वाचून त्या कामाला लागल्या, पैसा उभा केला आणि संघ पुन्हा मैदानावर आणला. २०१६ मध्ये तो परत बंद पडला आणि परत उभा राहिला. प्रशिक्षक ह्यू मेंझीस आणि त्यांचे सहकारी त्या काळात बिनपगारी काम करत होते.

१७ ऑक्टोबर २०१८ रोजी अमेरिकेत टेक्सासमधील फ्रिस्को येथे पनामाविरुद्धचा सामना २-२ असा बरोबरीत सुटला आणि पेनल्टींवर जमैकाने ४-२ असा जिंकला. जादा वेळ संपत आला असताना मेंझीस यांनी खास पेनल्टींसाठी गोलरक्षक बदलली आणि आत आलेल्या निकोल मॅक्ल्यूरने दोन फटके अडवले. महिलांच्या विश्वचषकाला पात्र ठरलेला कॅरिबियनमधला तो पहिला देश. पुढच्या वर्षी फ्रान्समध्ये ब्राझीलकडून ०-३, इटलीकडून ०-५ आणि ऑस्ट्रेलियाकडून १-४ अशी हार झाली, म्हणजे तीन सामन्यांत १२ गोल खाल्ले आणि एक केला. त्यानंतर आपले पैसे मिळाले नाहीत म्हणून खेळाडूंना महासंघाविरुद्ध उभे राहावे लागले. २०२२ मध्ये मॉन्टेरेत यजमान मेक्सिकोला १-० आणि हैतीला ४-० असे हरवून त्यांनी पुन्हा पात्रता मिळवली. असे असूनही २०२३ च्या जूनमध्ये, विश्वचषक महिन्यावर आला असताना, प्रवास, निवास, सराव, आहार आणि मानधन यांच्या दुरवस्थेविषयी खेळाडूंना जाहीर पत्र काढावे लागले, आणि २०१९ मध्ये जमैकाचा विश्वचषकातला पहिला गोल करणाऱ्या हवाना सोलॉनच्या आईने लोकांकडून ऑनलाइन वर्गणी गोळा केली. मी हे सगळे मुलींना पहिल्या सामन्याआधी सांगितले. त्यांच्यातल्या सर्वांत लहान मुलीने विचारले, "बाई, त्यांच्याकडे बूट तरी आहेत ना?" या मुलीचे स्वतःचे बूट तिच्या मोठ्या भावाचे आहेत आणि पुढे कापूस भरून ती ते घालते.

आता सेवेविषयी. पहिला सामना रविवारी, २३ जुलैला, फ्रान्सविरुद्ध दुपारी साडेतीनला होता. मालकीणबाईंनी भिंतीवर पांढरा पडदा लावला होता, खिडक्यांना चादरी बांधल्या होत्या आणि मधला खांब आड येणार नाही अशा बेताने बाके तिरकी मांडली होती. चित्र चांगले दिसत होते, मात्र कोणी दार उघडले की बाहेरच्या उजेडात पडदा पांढराफटक होत असे. दाराला जाड पडदा हवा, हे मी त्याच दिवशी सांगितले आणि पुढच्या सामन्याला तो लागलेला होता. सांगितलेले ऐकणारे उपाहारगृह मी माझ्या आयुष्यात फार पाहिलेले नाही.

त्या दिवशी अडचण वेगळीच आली. प्रक्षेपणासाठी ज्या सेवेला पैसे भरले होते, तिचे चित्र उत्तरार्धात गोठले आणि गोल गोल फिरणारे चक्र तेवढे उरले. ०-० असा गुण, समोर फ्रान्ससारखा बलाढ्य संघ, आणि आम्हाला काही दिसेना. चौदाही मुली एका मोबाइलभोवती गोळा झाल्या आणि मिनिटामिनिटाला बदलणारा मजकूर मोठ्याने वाचू लागल्या. मालकीणबाईंच्या मुलाने आपल्या फोनचे इंटरनेट जोडून पाच-सात मिनिटांत चित्र परत आणले. त्यानंतर दर सामन्याला अशी दुसरी सोय तयार ठेवली गेली. सामना ०-० सुटला आणि बरोबरीचा एक गुण मिळाला, विश्वचषकात जमैकाचा तो पहिलाच, पण शेवटच्या क्षणी खदीजा शॉला दुसरे पिवळे कार्ड मिळून ती बाहेर गेली. संघाची सर्वांत मोठी खेळाडू ती. स्पॅनिश टाउन या गावची, मँचेस्टर सिटीकडून इंग्लंडच्या लीगमध्ये २०२२-२३ च्या हंगामात २० गोल केलेली. लहानपणी गाजरे फार आवडत म्हणून तिला सगळे 'बनी' म्हणतात, हे कळल्यापासून माझ्या मुलीही तिला बनीच म्हणतात.

या उपाहारगृहाची खरी परीक्षा शनिवारी, २९ जुलैला झाली. अधिक श्रावण चालू होता आणि त्या दिवशी एकादशी होती, त्यामुळे संध्याकाळी सहाला, पनामाविरुद्धचा सामना सुरू होतानाच, खिचडी आणि उपवासाच्या मिसळीसाठी सगळी टेबले भरलेली. सात वाजता बार्बाडोसमध्ये भारत आणि वेस्ट इंडीज यांचा एकदिवसीय सामना सुरू होणार होता. फुटबॉलचे मध्यंतर संपले तोच तिघाचौघांनी क्रिकेट लावायला सांगितले. मागणी गैर नव्हती. नेहमीची गिऱ्हाइके, पैसे देणारी, आणि भारताचा सामना. मालकीणबाई टेबलाजवळ जाऊन शांतपणे म्हणाल्या, "काका, हा सामना आठपर्यंत चालेल. मी पोरींना शब्द दिला आहे. आठनंतर रात्रभर क्रिकेट." दोघे उठून गेले. बाकीचे बसून राहिले, आणि बसले म्हणून त्यांना दिसला तो गोल. सात वाजून गेल्यावर, ५६ व्या मिनिटाला, कॉर्नरवरून आलेला चेंडू अ‍ॅलिसन स्वाबीने डोक्याने जाळ्यात घातला. विश्वचषकातला जमैकाचा पहिला विजय त्या एका गोलाने आला, तोही शॉ निलंबित असताना.

क्रिकेट मागणाऱ्यांपैकी एक वृद्ध गृहस्थ गोलानंतर आमच्या बाकाकडे वळले आणि त्यांनी मुलींना १९७६ ची गोष्ट सांगितली. त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये किंग्स्टनच्या सबिना पार्कवर आपल्या बडोद्याचे अंशुमान गायकवाड वेस्ट इंडीजच्या तुफान गोलंदाजीसमोर ८१ धावांपर्यंत उभे राहिले आणि कानावर चेंडू बसून त्यांना मैदान सोडावे लागले. दुसऱ्या डावात भारताचे पाच खेळाडू जायबंदी असल्याने खेळायलाच येऊ शकले नाहीत आणि डाव ९७ वर संपला. "किंग्स्टन म्हणजे जमैकाच," ते म्हणाले, "त्या गावाशी आपले रक्ताचे नाते आहे." मुलींना त्याआधी जमैका म्हणजे नकाशावरचा ठिपका होता. हे बोलणे त्या उपाहारगृहाखेरीज कुठे झाले असते, असे मला वाटत नाही.

बुधवारी, २ ऑगस्टला, ब्राझीलविरुद्ध मेलबर्नमध्ये सामना होता. जमैकाला बाद फेरीसाठी बरोबरी पुरेशी होती, ब्राझीलला जिंकणे भाग होते. शाळेचा दिवस असल्याने पाच मुली पूर्वार्धानंतर गणवेशातच धापा टाकत आल्या. मी इतकी वर्षे खेळ शिकवला, परंतु बचाव पाहण्यात इतका आनंद असतो हे मुलींना पटवून देणे मला कधी जमले नव्हते. गोल होत नाही तो सामना कंटाळवाणा, असेच त्यांना वाटे. त्या दिवशी मी त्यांना एकच काम दिले. चेंडूकडे पाहायचे नाही; जमैकाच्या मागच्या चौघींकडे पाहायचे, आणि त्या एका दोरीला बांधल्यासारख्या कशा पुढेमागे सरकतात ते पाहायचे. अ‍ॅलिसन आणि शँटेल या स्वाबी बहिणी त्या बचावफळीत. एक चेंडूवर गेली की दुसरी तिच्या मागची जागा झाकते; एक चुकली तरी दुसरी तिथे असते; आणि या सगळ्यांच्या मागे गोलरक्षक बेकी स्पेन्सर सतत ओरडून त्यांना जागा दाखवत असते. दहा मिनिटांत मुलींना ती दोरी दिसू लागली. त्यानंतर ब्राझीलने चेंडू मिळवला की त्या पडद्याकडे हात करून "डावीकडे, डावीकडे" असे ओरडू लागल्या आणि मोठी माणसे शेव उसळीचा चमचा हातात धरून त्यांच्याकडे पाहत राहिली.

८१ व्या मिनिटाला मार्ता बाहेर आली. विश्वचषकातला तिचा हा अखेरचा सामना ठरेल, याची सर्वांना कल्पना होती. ब्राझील हवा म्हणणाऱ्या मुलीच्या डोळ्यांत पाणी होते आणि तरीही ती जमैकासाठी मिनिटे मोजत होती. शिट्टी वाजली तेव्हा गुण ०-० होता. १९९५ नंतर प्रथमच ब्राझील गटातच बाद झाला आणि कॅरिबियनमधला एक देश प्रथमच महिलांच्या विश्वचषकाच्या बाद फेरीत गेला. जमैकाचे तेव्हाचे प्रशिक्षक लॉर्न डोनाल्डसन यांचे डोळे भरून आले होते. उपाहारगृहातले सगळे उभे राहिले. स्वयंपाकघरातल्या दोघी मावशी पिठाच्या हातांनीच बाहेर आल्या होत्या आणि त्यातल्या एकीने मला विचारले, "एवढ्या रडतायत म्हणजे हरल्या का हो?" मी सांगितले की जिंकल्याही नाहीत आणि हरल्याही नाहीत, पण पोहोचल्या. त्यांना ते लगेच समजले.

मंगळवारचा, ८ ऑगस्टचा, कोलंबियाविरुद्धचा सामना मात्र या सेवेतला कच्चा दिवस होता, हे लिहिणे भाग आहे. सामना दुपारी दीडला, म्हणजे ऐन जेवणाच्या वेळी. थाळीची गर्दी, ताटांचा आवाज, उभ्याने वाट पाहणारी माणसे, त्यांच्या डोक्यांमधून दिसणारा पडदा. आमची बाके दोन वेळा सरकवली गेली आणि एकदा तर जेवणाऱ्यांसाठी उठवण्यात आले. मालकीणबाईंचा नाइलाज मला कळतो, कारण दुपारची थाळी हाच त्यांचा रोजगार आहे. परंतु त्या दिवशी पडदा वरच्या मजल्यावरच्या रिकाम्या खोलीत लावता आला असता आणि तो विचार आधी व्हायला हवा होता. ५१ व्या मिनिटाला कातालिना उस्मेने गोल केला, तो आमच्यापैकी निम्म्या मुलींना दिसलाच नाही. जमैका ०-१ ने हरला. कोलंबियाची लिंडा कायसेदो मात्र सर्वांनी ओळखली, कारण २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये आपल्या देशात झालेल्या १७ वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकात ती खेळली होती आणि नवी मुंबईतला अंतिम सामना आम्ही मोबाइलवर पाहिला होता. त्याच स्पर्धेत आपल्या मुली अमेरिकेकडून ०-८, मोरोक्कोकडून ०-३ आणि ब्राझीलकडून ०-५ अशा हरल्या होत्या.

उपाहारगृहाच्या भिंतीवर एक काळा फळा आहे, ज्यावर एरवी दिवसाचे पदार्थ लिहितात. जमैकाच्या सामन्यांचे गुण मुलींनी त्याच्या एका कोपऱ्यात खडूने लिहून ठेवले आहेत. २०१९ मध्ये जमैकाने एक गोल केला होता आणि १२ खाल्ले होते. २०२३ मध्ये चार सामन्यांत पुन्हा एकच गोल केला, पण खाल्लाही एकच. मला या संघाची सारी प्रगती त्या १२ आणि १ मध्ये दिसते. गोल करणारी मुलगी एखाद्या देशाला नशिबाने मिळू शकते, पण चौघींनी एका दोरीने सरकायला एकत्र सराव लागतो, एकत्र राहणे लागते, वेळेवर जेवण आणि प्रवासाची तिकिटे लागतात. हे सर्व पैशाने आणि कोणीतरी लक्ष दिल्याने होते. जमैकाच्या मुलींना ते निम्मेच मिळाले, आणि तेवढ्यावर त्यांनी फ्रान्स आणि ब्राझीलला गोल करू दिला नाही. फिफाने त्या वेळी बाद फेरी गाठणाऱ्या संघांतील प्रत्येक खेळाडूसाठी ६०,००० डॉलर जाहीर केले होते. ज्यांच्यासाठी महिन्याभरापूर्वी एका आईने वर्गणी मागितली, त्यांच्या दृष्टीने ही रक्कम काय असेल, हे मी मुलींना हिशोब मांडून दाखवले.

खाण्याविषयी थोडे. शेव उसळ बडोद्यात शोभेल अशीच आहे. तर्री वेगळी मिळते, शेव जाड आणि कुरकुरीत असते, आणि पाव दुपारी साडेतीनलाही ताजे असतात, याचा अर्थ ते सामन्यासाठी मुद्दाम पुन्हा मागवले जात होते. मुलींसाठी मालकीणबाईंनी अर्धी बशी अर्ध्या दरात दिली, पाटीवर न लिहिता. साबुदाणा खिचडी एकादशीच्या गर्दीत थोडी गचगचीत झाली होती. चहा उत्तम. ताक पहिल्या दिवशी आंबट होते, नंतर कधीच नाही.

दोन सूचना आहेत. समालोचन इंग्रजीत असते आणि आवाज खांबामागच्या बाकांपर्यंत नीट जात नाही. एक छोटा स्पीकर मागे लावला तर बरे होईल. दुसरी सूचना अधिक महत्त्वाची. मुली आणि स्त्रिया दोन-दोन तास थांबणार असतील, तर स्वच्छतागृहाच्या दाराची कडी नीट लागायला हवी. मुली जोडीने जात होत्या आणि एक बाहेर दार धरून उभी राहत होती. हे मी मालकीणबाईंना सांगितले, तेव्हा त्या क्षणभर गप्प झाल्या आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी सुतार बोलावला. कडी आता पितळेची आहे.

उपान्त्य आणि अंतिम सामनेही इथे दाखवले गेले. २० ऑगस्टला स्पेनने इंग्लंडला १-० असे हरवले, तेव्हा जागा अपुरी पडून काही माणसे ओट्यावर उभी होती. त्या दिवशी क्रिकेट कोणी मागितले नाही.

त्यानंतर २०२३ च्या सप्टेंबरमध्ये हांगझोऊला आशियाई खेळ होते आणि भारताचा महिला फुटबॉल संघ तिथे उतरणार होता. चीनचे घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे आहे, त्यामुळे त्यांचे संध्याकाळचे सामने आपल्याकडे दुपारी येणार होते. मालकीणबाईंनी वरची खोली रिकामी करून घ्यायला सुरुवात केली होती. मी १४ मुलींसाठी पुढची तीन बाके तेव्हाच सांगून ठेवली होती. बाकी ज्यांना यायचे होते त्यांना एवढेच सांगितले, की त्यांनी साडेतीनच्या सामन्याला तीनपर्यंत यावे आणि दाराचा पडदा आपल्यामागे नीट ओढून घ्यावा.